वराहाचा सुळा आणि सुताराची करवत

परवा मला एका व्याख्यानाला आग्रहानं नेलं. विषय होता धर्म आणि विज्ञान यांचा समन्वय. वक्ते नावाजलेले, गळ्यात उपरणं, आवाज खणखणीत. पृथ्वीचं वय विज्ञानाला आत्ता कुठं कळलं, आमच्या पूर्वजांना ते आधीपासून पाठ होतं, असं त्यांनी हात उंचावून सांगितलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मधूनच उठलो. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "बरं वाटत नाही का?" म्हटलं, मळमळतंय. ते खोटं नव्हतं. समन्वय हा शब्द ऐकला की माझ्या नाकात नासक्या दुधाची घाण शिरते.

कारण तसला एक समन्वय मी डोळ्यांनी पाहिलाय. निजामाच्या राज्यात, आमच्या गावात, चारचौघांदेखत तो झाला आणि सुताराच्या करवतीनं झाला. त्याच्यावर कुणी व्याख्यान देत नाही, म्हणून मी लिहितो.

आमचं गाव मांजरेच्या काठी, युसूफ वडगावच्या बाजाराला सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला परत येता येईल एवढ्या अंतरावर. मांजरा म्हणायला नदी. होळी झाली की तिचं पाणी वाळूखाली जायचं. मग बायका वाळूत झिरे उकरायच्या, म्हणजे हातभर खड्डा करून त्यात पाणी पाझरायची वाट बघत बसायचं आणि वाटीवाटीनं घागर भरायची. माझी आई रोज भल्या पहाटे जायची आणि ऊन चढल्यावर कमरेवर हात ठेवून वाकत वाकत परतायची. तिला सरळ उभी राहिलेली मी उन्हाळ्यात कधी पाहिली नाही.

वडील गावजोशी. त्यांना मी दादा म्हणायचो. पंचांग सांगणं, लग्नाची तिथी काढणं, घरोघरची पूजा हे त्यांचं काम, त्याला गावात जोसपण म्हणत. मी औरंगाबादेला उर्दूतून शिकून आलो होतो आणि मुदर्रिसीची, म्हणजे मास्तरकीची, जागा मिळायची वाट बघत घरी बसलो होतो. रिकामा माणूस घरातल्यांच्या चुका काढतो. मी दादांच्या काढायचो. भूगोलाच्या पुस्तकातले दगडांचे थर, हिमयुग, नाहीसे झालेले प्राणी असलं काहीबाही त्यांच्या पूजेच्या वेळेलाच मला आठवायचं. ते चिडायचे नाहीत. "पूजा होऊ दे, मग सांग," म्हणायचे, आणि पूजा झाल्यावर खरंच ऐकत बसायचे. त्यामुळे माझाच हिरमोड व्हायचा.

त्या वर्षी पाऊस जेमतेम झाला होता. माघातच नदी आटली, तेव्हा कुठं पाटलाला पाझर फुटला. नदीकाठच्या आपल्या पडीक तुकड्यात त्यानं गावाच्या विहिरीला जागा दिली. भूमिपूजनाला दादाच. यजमान म्हणून पाटील पाटावर बसला, दादांनी त्याच्या हातावर पळीभर पाणी घातलं आणि संकल्प म्हणायला लागले.

संकल्प ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पूजेच्या आधी देवाला आपला ठावठिकाणा कळवायचा असतो. पाहुण्याला घराची खूण सांगावी तसं दुरून जवळ यायचं. ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा उत्तरार्ध, त्यातला श्वेतवाराह कल्प, त्यातलं कलियुग, मग दंडकारण्य, गोदावरीचा दक्षिण तीर, मग आजची तिथी, वार, आणि शेवटी हातात पाणी घेऊन बसलेला माणूस. रोज लाखो घरांतून हे म्हटलं जातं आणि म्हणणाऱ्याचं लक्ष नैवेद्यावर असतं.

पाटलानं त्या दिवशी कान दिला, हे आमचं दुर्दैव.

"जोशीबाबा, ह्ये श्वेतवाराह म्हंजी काय हाय?"

दादा खुलले. सबंध आयुष्यात त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "श्वेत म्हणजे पांढरा. पांढरा वराह. पृथ्वी पाण्यात बुडाली होती, ती देवानं वराह होऊन सुळ्यावर उचलून वर आणली. तिथून हा कल्प लागला. आपण सगळे त्याच कल्पात आहोत."

"म्हंजी डुक्कर," पाटील म्हणाला.

"वराह," दादा म्हणाले.

वडारांनी खणायला घेतलं. काळी माती संपली, तिच्याखाली चुनखडीचे खडे असलेली पिवळी चिकणमाती लागली, तीही संपली आणि वाळू-गोट्यांचा ओलसर थर आला. पाणी जवळ आल्याची ती खूण. बायका येता-जाता काठाशी थांबून खाली बघायला लागल्या. आणि त्या थरात पहार कशावर तरी अडकली. गोटे बाजूला केले तर एक लांबलचक, वाकडा, पांढुरका सुळा. जाड बाजूला मांडीएवढा, दुसरीकडे निमुळता, आणि लांबीला माणसापेक्षा जास्त. त्याला दोरखंड बांधून वर काढला तेव्हा सगळं गाव गोळा झालं होतं.

पाटील त्याच्याभोवती फिरला. कपाळाला हात लावला. मग दादांकडे वळून म्हणाला, "तुमीच म्हन्लाव न्हवं, जोशीबाबा? पांढरा वराह. हितंच म्हन्लाव, ह्याच जागंवर. आन हितंच निगाला."

झालं. लोक जमिनीवर आडवे पडले. दादांनी जो अर्थ मोठ्या हौसेनं सांगितला होता तो चार दिवसांत त्यांच्याच अंगावर आला. विहिरीचं काम थांबलं, कारण देवाच्या डोक्यावरून पहार कशी चालवायची?

त्यानंतर जे झालं ते आठवलं की आजही मला जेवण जात नाही. सुळा खड्ड्यातच एका दगडावर ठेवला आणि त्याच्यावर दूध ओतणं सुरू झालं. पाण्याला महाग झालेलं गाव ते. जनावरांना कडबा नाही, गाई अर्ध्या आटलेल्या, तान्ह्या लेकरांना पातळ ताक पाजत होते, आणि जे काही दूध निघत होतं ते खड्ड्यात. दूध, दही, मध, तेल, शेंदूर, नारळाचं पाणी, सगळं मिळून तळाशी राड साचली. उन्हानं ती फसफसायची. माश्यांचा असा थर बसायचा की वरून बघितलं तर खड्डा हलतोय असं वाटायचं. त्याच राडीतून पुजाऱ्यासारखा मिरवणारा पाटलाचा भाचा ओंजळीनं तीर्थ काढायचा, आणि माणसं रांगेनं ते प्यायची, लेकरांना पाजायची, उरलेलं डोळ्यांना लावायची. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काठावरच ओकलो. कुणीतरी म्हणालं, अंगात पाप असलं की असं होतं.

वासावर डुकरं आली. एरवी दगड मारून हाकलायचे, आता कुणी हात उगारेना, देवाच्या जातीची म्हणून. ती खुशाल खड्ड्यात उतरून चाटायची आणि पोट भरलं की तिथंच लोळायची. बायका त्यांनाही कुंकू लावायला धावल्या, तेव्हा मात्र डुकरांनीच पळ काढला. सगळ्या प्रकारात अक्कल दिसली ती तेवढीच.

पाटलाला देवस्थान हवं होतं. विहीर म्हणजे गावाची, देवस्थान म्हणजे त्याचं. नांदूरघाटापासून, पार तेलगावापासून गाड्या यायला लागल्या होत्या. त्यानं ठरवलं, अक्षय्य तृतीयेला प्रतिष्ठा करायची, खड्डा बुजवून त्याच्यावर चौथरा बांधायचा. पण जोश्यानं संकल्प सोडून, हा श्वेतवराहाचा सुळा, असं देवासमोर म्हटल्याशिवाय प्रतिष्ठा होत नव्हती. गावाचा भरवसा दादांच्या जिभेवर होता, पाटलावर नव्हता. म्हणजे सगळं एका शब्दावर आलं. दादांनी हो म्हटलं तर विहीर बुजणार, नाही म्हटलं तर जोसपण जाणार.

मला वाटलं, दादा हो म्हणतील. सुळा बघून आल्यापासून त्यांचं एकच चाललं होतं. ओट्यावर बसून बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजायचे, पुन्हा मोजायचे. मी टोचून म्हणालो, "मुहूर्त काढताय का?"

"नाही रे," ते म्हणाले. "रोज देवापुढं जे म्हणतो ते मला कळतं का, ते बघतोय."

तेवढ्यात हैदराबादेहून दगडमाती तपासणाऱ्या खात्याचा एक साहेब आला. विलायतेला शिकलेला, डोक्यावर सोला हॅट, बोलणं उर्दू. सुळ्याची खबर तहसीलमधून वर गेली होती. पाटलाच्या आमराईत त्याचा तंबू पडला. दादा मला म्हणाले, "चल, मला त्याला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तू मध्ये बोलू नकोस."

साहेब बाजेवर बसून पपई खात होता. दादांनी रामराम केला आणि सरळ विचारलं, हा सुळा किती जुना?

"हाथी का दाँत है, पंडितजी. पुराने जमाने का हाथी. अब वैसे होते नहीं." त्यानं बी थुंकली. "होगा लाख बरस, दो लाख बरस."

"आणि जमीन?"

"कौनसी जमीन?"

"ही सगळी. पृथ्वी."

साहेबानं पहिल्यांदा मान वर केली. म्हणाला, पूर्वी विलायतेतले लोक थोडं सांगायचे, पाद्री तर काही हजार वर्षंच सांगतात, पण आता दगडांच्या परीक्षेवरून सौ करोड, डेढ सौ करोड बरस असं म्हणायला लागलेत, कुणी त्याहून जास्तही.

दादांचा चेहरा असा उजळला की मला लाज वाटली. माहेरचं माणूस भेटलेल्या सासुरवाशिणीसारखे ते हसले. "आमचं दोनशे कोटींच्या आसपास आहे," ते म्हणाले.

"क्या?"

"कल्प लागल्याला. पंचांगात असतं."

साहेब मोठ्यानं हसला आणि पुन्हा पपईकडे वळला.

परतताना मी चिडलो होतो. म्हटलं, "दादा, दोन आकडे जवळ आले म्हणून वराह खरा ठरत नाही. कुणी डुक्कर होऊन पृथ्वी उचलली नाही."

"तू म्हणतोस तसं असेल. तो मला दिसलेला नाही, तुलाही नाही." ते थांबले, धाप लागली होती. "पण हा त्याचा सुळा नाही, एवढं मात्र आता नक्की. वराहाला दोनशे कोटी झाली. हा दात लाखाचा. काल जन्मलेलं पोर पणजोबा कसं असेल? साहेबाच्या हिशेबानंही नाही आणि माझ्याही नाही."

मला त्यांचा वराह तेव्हा पटला नाही, आज तर मुळीच पटत नाही. पण श्रद्धा आणि पुरावा यांना एका पाटावर बसवायचा प्रामाणिक प्रयत्न करणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो त्या आमराईच्या वाटेवर अनवाणी चालत होता. पुराव्यानं आपला देव मोठा होतो की लहान याची त्याला फिकीर नव्हती. आपण देवापुढं खोटं बोलू नये, एवढीच त्याची इच्छा होती.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर गाव बसलं. पाटलानं सगळ्यांसमोर विचारलं. दादा उठून म्हणाले, "हा वराहाचा सुळा नाही. हत्तीचा आहे. विहीर खणा."

"तुमचाच मंतर, तुमीच अर्थ सांगितला, आन आता न्हाई म्हन्ता? कावून?"

दादांनी सांगितलं. पोरांना शिकवावं तसं शांतपणे, कल्प कधी लागला, किती काळ गेला, हाड एवढा काळ टिकत नाही, सगळं सांगितलं.

मागून कुणीतरी ओरडलं, "दोनशे कोटी कुनी मोजले बे?" आणि हशा झाला.

"तेच मी रोज तुमच्या घरी म्हणतो," दादा म्हणाले. "तुम्ही हातात पाणी घेऊन ऐकता."

हशा विरला. मग एक म्हातारी धनगरीण उठली. "जोशीबाबा आजवर खोटं बोलले न्हाईत. लई दिस झाले, आमी वाळू उकरतो. पानी काडा आदी." आणखी दोघीतिघींनी तिची री ओढली. गाव बिचकलं. वडारांनी दुसऱ्या सकाळी पुन्हा टोपली-पहारी काढल्या. आईनं त्या दिवशी घागर घासून लख्ख केली. मला खरंच वाटलं की हे निभावलं.

पण साहेबाला सुळा हवा होता आणि पाटलालाही. त्या संध्याकाळी आमराईत बकरं कापलं गेलं. जेवताना दोघांचं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, त्याचा परिणाम मात्र सकाळी सगळ्या गावानं बघितला. गावच्या सुताराला बोलावणं गेलं. सुळा खड्ड्यातून काढून, धुऊन, आमराईत दोन ओंडक्यांवर ठेवला होता. सुतारानं आधी नारळ फोडला, कान धरले, "देवा, माजा गुन्हा न्हाई," म्हणाला, आणि करवत लावली.

करकर आवाज सबंध आमराईत भरला. मध्येच करवत अडायची, मग सुतार थुंकी लावायचा. खाली पांढरा भुसा पडत होता आणि माणसं वाकून वाकून तो धोतराच्या सोग्यात, पदरात, नुसत्या मुठीत भरत होती. काहींनी तिथंच चाटला. तापावर, बाळंतरोगावर, वांझपणावर, सगळ्यावर तेच औषध, असं जागच्या जागी ठरलं होतं. साहेब खुर्चीवर बसून सिगारेट ओढत बघत होता. जाड अर्धा भाग गवत घातलेल्या पेटीत गेला, हैदराबादच्या अजबखान्यासाठी. निमुळता अर्धा देवाला. त्याला म्हणायचं विज्ञान, ह्याला म्हणायचं धर्म, आणि दोघांनी मिळून एकच बकरं खाल्लेलं.

जाण्याआधी साहेब लोकांना म्हणाला, "ये बहोत पुरानी चीज है. इज्जत से रखो." पाटलानं त्याचा तर्जुमा केला, "सरकारनं बी मानलं, वराहाचाच हाय."

मी साहेबाला गाठलं. म्हटलं, हत्तीचा दात आहे हे तुम्हाला माहीत आहे, एक शब्द बोला, इथं विहीर व्हायची आहे. तो घोड्यावर चढत होता. म्हणाला, "मियाँ, मुझे दाँत चाहिए था, मिल गया. कुआँ-वुआँ मेरे महकमे का काम नहीं." इतक्या गोड आवाजात बोलला की त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. पाटील निदान अडाणी होता. ह्याला सगळं ठाऊक होतं आणि तरी त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद कुणाकडं मागायची?

खड्डा बुजवला. मोमिनाबादहून एक भट आणला, त्यानं पाटील सांगेल ते देवासमोर म्हटलं. चौथरा झाला, त्याच्यावर अर्धा सुळा शेंदूर फासून उभा राहिला. दुधाची राड आता चौथऱ्यामागच्या डबक्यात जायची, आणि तीर्थ म्हणून तेच डबकं. सरकारनं मानलं म्हटल्यावर गावही फिरलं. पुढच्या वर्षी पाडव्याला पंचांग ऐकायला कुणी आलं नाही. लग्नांना मोमिनाबादचा भट. रस्त्यात भेटलेली माणसं दादांना रामराम करायची, पण इकडंतिकडं बघून. ती धनगरीणसुद्धा चौथऱ्याला हळद लावताना मी पाहिली. गावावर माझा राग नव्हता म्हणालो तर खोटं होईल. मला त्यांच्या सावलीचीही शिसारी यायला लागली होती.

आई एकदा दादांना म्हणाली, "अहो, एकदा हो म्हणून टाका. तोंडानं म्हणायचं, मनानं नाही. देवाला कळतं."

"मी तोंडाचंच खातो," दादा म्हणाले. "तेच खोटं झालं तर राहिलं काय?"

आई उठली. घागर घेऊन झिऱ्यावर गेली.

मला मोमिनाबादला मुदर्रिसी मिळाली. माझ्या पगारात घर चालायला लागलं. दादा घरातल्या देवांची पूजा करायचे, संकल्पातला एक शब्द न गाळता, पूर्वीसारख्याच सावकाश आवाजात. मी सुट्टीला यायचो तेव्हा ऐकायचो. आता मला त्यांच्या चुका काढाव्याशा वाटत नव्हत्या.

काही वर्षांनी एका उन्हाळ्यात निरोप आला. झिऱ्याचं पाणी हिरवं झालं होतं, गावात जुलाबाची साथ होती, आणि दादा अंथरुणाला खिळले होते. मी पोचलो तेव्हा डोळे खोल गेलेले, ओठांना चिरा, पण शुद्ध होती. मला बघून त्यांनी बोटानं ओट्याकडं खूण केली. तिथं पाटील बसला होता. त्याच्यासोबत मोमिनाबादचा भट, हातात चांदीची वाटी. बाहेर गावातली दोन-तीन ब्राह्मण घरांची माणसं उभी. उद्या खांदा द्यायला तीच लागणार होती, आणि ती पाटलाच्या तोंडाकडं बघत होती.

पाटील आत येऊन दादांच्या उशाशी बसला. आवाज मऊ केला. "जोशीबाबा, झालं गेलं गंगंला मिळालं. वराहाचं तीर्थ आनलंय. येक घोट घ्या. जोसपन पोराला परत देतो, सगळ्यांदेखत सांगतो."

त्याला तीर्थ पाजायचं नव्हतं. गावानं बघावं, जोश्यानं मानलं, एवढंच त्याला हवं होतं. इतक्या वर्षांनी, दूरदूरच्या गाड्या आणि जत्रा सगळं असूनही, ह्या एका माणसाचं नाही त्याला सलत होतं. मी उठलो. "वाटी बाहेर न्या," म्हणालो. पाटलानं दाराकडं पाहिलं. दारातल्या माणसांनी माना खाली घातल्या. आईनं माझा हात धरला.

भटानं वाटी पुढं केली. दुधाचा तो आंबूस, कुजका वास खोलीत पसरला. दादांनी पाटलाकडं नीट बघितलं. मग ओठ मिटले आणि दात आवळले. जबड्याचं हाड वर आलेलं मला दिसलं. अंगात पाणी घोटायचं त्राण नव्हतं त्यांच्या, ही ताकद कुठून काढली कुणास ठाऊक. भटानं वाटी ओठांना लावून तिरपी केली. सगळं दूध हनुवटीवरून, पांढऱ्या खुंटांतून, मानेवर ओघळलं.

"घेतलं हो, घेतलं," भट बाहेर बघून ओरडला.

पाटील उठला, नमस्कार केला आणि गेला. गावात लगेच झालं, जोशीबाबानं शेवटी मानलं. तिथल्या देवस्थानात आजही तेच सांगतात, यात्रेकरूंना मोठ्या भक्तिभावानं सांगतात.

मी धोतराच्या सोग्यानं त्यांची मान पुसली. वास जाईना म्हणून पुन्हा पुसली. दुपार कलायच्या आत ते गेले.

शेवटची तयारी करताना मी तुळशीचं पान त्यांच्या तोंडात ठेवायला गेलो. दात इतके आवळलेले होते की पान आत जाईना. मी हनुवटी धरून जबडा उघडायला लागलो, तर आईनं माझं मनगट पकडलं.

"नको ओढूस," ती म्हणाली. "ते उघडायचे नाहीत. बाहेरच ठेव."

माझ्या हातातलं पान घेऊन तिनंच ते त्यांच्या मिटलेल्या ओठांवर ठेवलं.